ज्योतिषाच्या चढउतारांचा इतिहासकार : शंकर बाळकृष्ण दीक्षित

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाची मांडणी करताना निबंध, नाटक, कादंबरी आणि चरित्र या प्रकारांना प्रशस्त जागा मिळते. शास्त्रीय गद्याच्या वाट्याला मात्र एखादे परिशिष्ट किंवा नामावली येते. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे नाव बहुधा अशा नामावलीतच आढळते. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या त्यांच्या ग्रंथाचा उल्लेख आदराने होतो. तो वाचला जातोच असे नाही. ज्योतिषाचे अभ्यासक त्याला गणिताचा ग्रंथ म्हणतात, गणिताचे अभ्यासक इतिहासाचा म्हणतात आणि वाङ्मयाचे अभ्यासक तो आपला नव्हे असे गृहीत धरतात. वस्तुतः एका ज्ञानशाखेचा उदय, तिची अवनती आणि तिचे पुनरुत्थान यांची संगती पुराव्यानिशी लावणारा असा इतिहास मराठीत त्यापूर्वी झालेला नव्हता. तो कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या प्रश्नाच्या ओढीने लिहिला गेला, हे पाहण्यासाठी दीक्षितांच्या चरित्राकडे वळणे आवश्यक ठरते.

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातल्या मुरूड या गावी झाला. हे मुरूड आणि जंजिऱ्याजवळचे मुरूड यांची गल्लत वारंवार होते, आणि दीक्षितांच्या बाबतीत तिला एक निमित्तही आहे. ‘ग्रहलाघव’कार गणेश दैवज्ञ ज्या नांदगावचे, ते जंजिऱ्याच्या मुरुडाजवळ आहे. दापोलीकडील मुरुडाने विश्वनाथ नारायण मंडलिकांसारखा कायदेपंडित दिला आणि धोंडो केशव कर्व्यांचे बालपणही तिथेच गेले. समुद्रकाठच्या एका लहान गावाने अर्ध्या शतकात एवढी माणसे द्यावीत, याचे कारण तिथल्या वैदिक घरांतील पाठांतराच्या शिस्तीत शोधावे की दापोलीच्या इंग्रजी शाळेत, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. दीक्षितांना दोहोंचा लाभ झाला, पण इंग्रजी शिक्षणाचा फार थोडा. दापोलीनंतर ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकले आणि पुढे मॅट्रिक झाले. त्यापलीकडे कोणतीही पदवी त्यांनी घेतली नाही.

नोकरी शाळाखात्याची होती. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि अखेरीस पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज असा त्यांचा बदल्यांचा प्रवास आहे. यांपैकी पुणे सोडले तर मोठा ग्रंथसंग्रह हाताशी असेल असे ठिकाण एकही नव्हते. डेक्कन कॉलेजातील सरकारी हस्तलिखितांचा संग्रह आणि आनंदाश्रम ही त्यांची मुख्य साधनस्थाने पुण्यात होती. त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे मात्र पुण्याबाहेर गेली. शाळेच्या वेळा सांभाळून, पोथ्या मिळवून, उतरवून आणि परत करून हा अभ्यास झाला आहे. त्यांच्या ग्रंथात एखाद्या करणग्रंथाची माहिती देताना तो कोठे पाहिला, त्याची प्रत पूर्ण होती की खंडित, हे नोंदवण्याची जी सवय दिसते, तिचे मूळ या परिस्थितीत असावे. पोथी पुन्हा हाती लागेल याची शाश्वती नसलेल्या माणसाची ती टिपणे आहेत.

दीक्षितांनी लेखनाला आरंभ केला तेव्हा ज्योतिष हा महाराष्ट्रात नुसता पांडित्याचा विषय नव्हता. तो भांडणाचा विषय होता. ‘ग्रहलाघवा’वरून केलेली पंचांगे आणि प्रत्यक्ष आकाश यांत अंतर पडू लागले होते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ग्रहसाधनाची कोष्टके प्रसिद्ध केली आणि त्यांच्या आधारे पुढे पटवर्धनी पंचांग निघू लागले. विसाजी रघुनाथ लेले यांचे म्हणणे याहून मूलगामी होते. वर्ष ऋतूंशी बांधलेले असावे, म्हणजे पंचांग सायन असावे, असा त्यांचा आग्रह होता. सूर्यसिद्धान्ताचे वर्ष ऋतुवर्षापेक्षा सुमारे चोवीस मिनिटांनी मोठे आहे. साठ वर्षांत ही चूक एका दिवसाची होते. उत्तरायण डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होते आणि मकरसंक्रांत आपण जानेवारीच्या मध्यावर करतो, याचे मूळ इथे आहे. दीक्षित सायनपक्षाचे झाले. लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह सायन पंचांग काढण्याच्या उद्योगात त्यांचा प्रत्यक्ष सहभाग होता. हा पक्ष लोकांत कधीच रुजला नाही. तथापि या वादामुळेच दीक्षित इतिहासाकडे वळले, असे म्हणण्यास आधार आहे. आज ज्याला शास्त्र म्हणतात ते पूर्वीही तसेच होते काय, ते कोणी आणि कशासाठी बदलले, हे प्रश्न पंचांगाच्या वादात पावलोपावली उभे राहत. पुण्याच्या दक्षिणा प्राइज कमिटीने पंचांगाच्या इतिहासावर ग्रंथ मागवला तेव्हा दीक्षितांनी तो लिहावयास घेतला. पंचांगाच्या इतिहासाचा सर्व ज्योतिषाचा इतिहास झाला तो लिहिता लिहिता.

या वादाला दुसरी, अधिक बोचरी बाजू होती. एबेनेझर बर्जेस हा अमेरिकन मिशनरी महाराष्ट्रात असताना शाळांसाठी मराठीत ज्योतिषाचे पाठ्यपुस्तक तयार करण्याचे काम त्याच्याकडे आले होते. त्या निमित्ताने तो सूर्यसिद्धान्ताकडे वळला आणि त्याचे इंग्रजी भाषांतर १८६० मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी शाळापुस्तकाच्या पोटी जन्मलेल्या या भाषांतराला व्हिटनी या अमेरिकन पंडिताच्या टीपा जोडल्या गेल्या आणि त्यांचा सूर असा होता की भारतीयांचे गणित ग्रीकांकडून उसने घेतलेले आहे. बर्जेसला स्वतःला हे पुरते मान्य नव्हते, पण पुढील पिढ्यांवर छाप पडली ती व्हिटनीची. पश्चिमेच्या विद्यापीठांतून आलेल्या या निर्णयाला उत्तर द्यावयाचे तर केवळ अभिमान पुरेसा नव्हता. पोथ्या पाहणे, वर्षमाने ताडणे, ग्रहांची भगणसंख्या मोजणे भाग होते. हे काम एका मराठी शाळामास्तराने अंगावर घेतले.

त्यांच्या कीर्तीचा पहिला प्रसंग मात्र पुराभिलेखांचा आहे. गुप्त राजांच्या शिलालेखांतील संवत् नेमका केव्हा सुरू झाला, याविषयी त्या काळी विद्वानांत तीव्र मतभेद होते. अल्बेरूनीने गुप्तकाल शककालानंतर २४१ वर्षांनी सुरू होतो असे लिहून ठेवले होते, परंतु त्याच्या विधानाचा अर्थ प्रत्येकजण आपल्या सोयीने लावी. जॉन फेथफुल फ्लीट यांनी गुप्त लेखांचे संपादन हाती घेतले तेव्हा गणिताची बाजू दीक्षितांनी सांभाळली. त्या वर्षांत ते बार्शीला होते. मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभलेखात संवत् १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असा उल्लेख आहे. १६५ मध्ये २४१ मिळवले की शक ४०६ येतो. त्या वर्षीची आषाढ शुद्ध द्वादशी गणिताने २१ जून ४८४ या दिवशी येते आणि तो दिवस गुरुवारच होता. तिथी, वार आणि वर्ष तिन्ही जुळली. गुप्तसंवताचा आरंभ इ. स. ३१९-२० हा निर्णय मंदसोरच्या लेखाच्या आणि अशा गणिताच्या आधाराने स्थिर झाला. १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लीटच्या त्या खंडाला दीक्षितांची गणितविषयक परिशिष्टे जोडलेली आहेत.

या परिशिष्टांपैकी बार्हस्पत्य संवत्सरचक्रावरचे परिशिष्ट मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण ज्योतिषाच्या लोपाचा आणि पुनःप्रत्ययाचा तो छोटा नमुनाच आहे. परिव्राजक महाराज हस्ती आणि संक्षोभ यांच्या ताम्रपटांत गुप्तवर्षाबरोबर महावैशाख, महाआश्वयुज अशी संवत्सरांची नावे येतात. प्रभव, विभव ही साठ संवत्सरांची मालिका आपल्या परिचयाची आहे; ही नावे त्या मालिकेतली नव्हेत. सूर्याच्या तेजात लुप्त झालेला गुरू ज्या नक्षत्रावर पुन्हा उगवतो, त्या नक्षत्रावरून त्या वर्षाला नाव द्यावे अशी ती बारा वर्षांची पद्धत. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त तिचा नियम सांगितलेला आहे, परंतु ती व्यवहारातून इतकी नाहीशी झाली होती की ताम्रपटांतील नावांचा उलगडा होईना. दीक्षितांनी गुरूचे उदय गणिताने काढून ही नावे नियमाशी जुळवून दाखवली. पाचव्या-सहाव्या शतकांतील राजांच्या दरबारी पहाटे आकाशाकडे पाहून वर्षाचे नाव ठरवणारा कोणी ज्योतिषी होता, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे नाव गणिताने ठरू लागले, पाहण्याची गरज उरली नाही आणि प्रथाही मेली. शास्त्राचा ऱ्हास कसा होतो याविषयी दीक्षितांनी लांबलचक विवेचन केलेले नाही. असे दाखले त्यांनी पुरवले आहेत.

१८८९ मध्ये थिबो आणि सुधाकर द्विवेदी यांनी वराहमिहिराची ‘पंचसिद्धान्तिका’ छापून प्रसिद्ध केली. दीक्षितांनी या ग्रंथाचा अभ्यास पोथीवरून चालवलेला होताच. १८९० मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त त्यांचे मूळ सूर्यसिद्धान्त आणि रोमकसिद्धान्त यांवरील लेख आले. वराहमिहिराने शके ४२७ हे आरंभवर्ष धरून पाच जुन्या सिद्धान्तांचा सारांश केला. त्यातील सूर्यसिद्धान्त हा आज प्रचलित असलेला सूर्यसिद्धान्त नव्हे, हे दीक्षितांनी वर्षमानावरून सिद्ध केले. जुन्याचे वर्ष ३६५ दिवस, १५ घटी, ३१ पळे, ३० विपळे. प्रचलिताचे ३६५ दिवस, १५ घटी, ३१ पळे, ३१ विपळे आणि २४ प्रतिविपळे. अंतर दीड विपळाहूनही कमी, म्हणजे सुमारे अर्धा सेकंद. परंपरेने अनादि आणि अपौरुषेय मानलेल्या ग्रंथाला एक आयुष्य आहे, त्यात कोणीतरी हात घालून फेरफार केलेले आहेत, हे या अर्ध्या सेकंदाने उघड झाले. दीक्षित श्रद्धावान होते, तरीही हा निष्कर्ष मांडताना त्यांचा हात अडखळलेला नाही.

रोमकसिद्धान्ताचे वर्ष ३६५ दिवस, १४ घटी आणि ४८ पळांचे आहे. हे मान ग्रीक ज्योतिषी हिपार्कसच्या सायन वर्षाशी तंतोतंत जुळते. हे दीक्षितांनी लपवले नाही. उलट त्यावरच आपला युक्तिवाद उभारला. रोमक हा उघडउघड परदेशी, आणि तो हिपार्कसशी जुळतो, टॉलेमीशी जुळत नाही. मग तो टॉलेमीपूर्वीचा असला पाहिजे. उरलेल्या सिद्धान्तांची वर्षमाने याहून भिन्न आणि नाक्षत्र आहेत, तेव्हा ती रोमकापासून आलेली नाहीत. हा युक्तिवाद सर्वांशी टिकला असे म्हणता येणार नाही. वर्षमान आपले असूनही गतिगणिताची पद्धत बाहेरची असू शकते, ही शक्यता त्यात पुरेशी तपासलेली नाही. परंतु प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट पुरावा आधी स्वतःच मांडावयाचा आणि मग त्यातून वाट काढावयाची, ही रीत त्या काळातील मराठी वादग्रंथांत दुर्मीळ आहे.

१८९६ मध्ये पुण्यात ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ प्रसिद्ध झाले. पाचशेहून अधिक पानांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात वैदिक आणि वेदांगकाल, दुसऱ्यात सिद्धान्तकाल. दुसऱ्या भागात गणित, संहिता आणि जातक असे तीन स्कंध आहेत. पहिल्या भागाचा मानबिंदू म्हणजे कृत्तिकांविषयीचे विवेचन. ते इंग्रजीतही १८९५ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त आले होते. शतपथब्राह्मणात अग्न्याधानाला कोणते नक्षत्र घ्यावे याची चर्चा आहे. त्या ओघात असे म्हटले आहे की इतर नक्षत्रे पूर्वेपासून ढळतात, कृत्तिका ढळत नाहीत. तारा नेमकी पूर्वेस उगवते ती विषुववृत्तावर असली तरच. संपातचलनामुळे कृत्तिका आज विषुववृत्ताच्या बऱ्याच उत्तरेस आहेत. मागे मागे गणित करीत गेले की त्या विषुववृत्तावर होत्या तो काळ शकापूर्वी सुमारे तीन हजार वर्षांचा येतो. त्याच सुमारास टिळकांनी ‘ओरायन’मध्ये मृगशीर्षावरून आणि याकोबींनी स्वतंत्रपणे वेदकाल मागे नेला होता. टिळकांच्या ग्रंथाला मिळालेली प्रसिद्धी दीक्षितांच्या वाट्याला आली नाही. पण पुरावा म्हणून एका वाक्यावर स्वच्छपणे उभा राहणारा युक्तिवाद दीक्षितांचा आहे. पुढील काळात पाश्चात्त्य संशोधकांनी त्या वाक्याचा शब्दशः अर्थ घेण्यास हरकत घेतली. ती हरकत आणि तिला मिळालेली उत्तरे यांचा वाद अद्याप मिटलेला नाही.

वेदांगज्योतिषाची संगती लावतानाही त्यांनी हेच धोरण ठेवले. पाच वर्षांचे युग, त्यात १८३० दिवस, ६२ चांद्रमास, ६७ नाक्षत्रमास एवढी साधी चौकट त्या ग्रंथात आहे. राशी नाहीत, जन्मकुंडली नाही. यज्ञ केव्हा करावा, एवढाच त्याचा प्रश्न. दीक्षितांच्या ग्रंथाचा खरा कस लागतो तो इथून पुढे. यज्ञाच्या वेळा सांगणाऱ्या या नक्षत्रविद्येचे माणसाच्या जन्मावरून भविष्य सांगणाऱ्या जातकशास्त्रात रूपांतर कसे झाले?

या मधल्या काळात नक्षत्रविद्येची प्रतिष्ठा घसरलेली होती, हे अनेक बाजूंनी दिसते. मनुस्मृतीने नक्षत्रांवर उपजीविका करणाऱ्याला श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले आहे आणि संन्याशाला या विद्येच्या बळावर भिक्षा मिळवण्याची मनाई केली आहे. बौद्धांच्या ब्रह्मजालसुत्तात ग्रहणे, उल्कापात आणि ग्रहगती यांवरून भाकिते करणे ही हीन विद्या मानली आहे. कौटिल्याने तर नक्षत्रांना फार विचारीत बसणाऱ्या अजाण माणसाच्या हातून अर्थ निसटतो, असे सुनावले आहे. ‘अर्थशास्त्रा’ची पोथी विसाव्या शतकाच्या आरंभी उजेडात आली, त्यामुळे हा पुरावा दीक्षितांना उपलब्ध नव्हता. परंतु याच नक्षत्रविद्येचा वारस असलेला ज्योतिषी वराहमिहिराच्या काळी राजाच्या उजव्या हाताशी बसलेला दिसतो. ‘बृहत्संहिते’त ज्योतिषाशिवायचा राजा आणि वाट चुकलेला आंधळा यांची तुलना केलेली आहे. श्राद्धाच्या पंक्तीतून उठवलेला माणूस राजसभेत जाऊन बसला. मधल्या काळात असे काय घडले?

दीक्षितांपुढे दोन उत्तरे होती. एक, ग्रीकांकडून जातक आले आणि त्याने जुन्या विद्येला नवे वजन दिले. दुसरे, जातकाचे बीज इथलेच होते आणि ते यथाकाल वाढले. वारांच्या बाबतीत त्यांनी पहिल्या उत्तराकडे मान तुकवली. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र हा ग्रहांचा उतरता क्रम. दिवसाचे चोवीस होरे. प्रत्येक होऱ्याला क्रमाने एक स्वामी. चोवीस होरे संपले की पुढील दिवसाचा पहिला होरा चौथ्या ग्रहाचा येतो, म्हणून रविवारानंतर सोमवार. ही व्यवस्था साठ घटिकांच्या दिवसातून निघू शकत नाही, तेव्हा वार मूळचे आपले नव्हेत हे त्यांनी मान्य केले. एरणच्या ज्या गुरुवाराने गुप्तसंवत् पक्का झाला, तो भारतीय कोरीव लेखांतील निश्चित झालेला पहिला वार समजला जातो. ज्या वाराने आपल्या इतिहासाची कालगणना सावरली तो बाहेरून आलेला होता, हा योगायोग दीक्षितांच्या नजरेतून निसटला असेल असे वाटत नाही.

जातकाच्या बाबतीत मात्र ते दुसऱ्या उत्तराकडे झुकले. अथर्वज्योतिषात जन्मनक्षत्रापासून मोजलेल्या जन्म, संपत्, विपत्, क्षेम अशा नऊ तारांची पद्धत आहे. त्यात राशींचा मागमूस नाही. माणसाच्या जन्मावरून शुभाशुभ ठरवण्याची कल्पना राशींच्या आधी इथे होती, म्हणून जातकाचे मूळ भारतीय, असा त्यांचा निष्कर्ष आहे. बीज दाखवण्यापुरते हे खरे आहे. पण नऊ तारांची पद्धत आणि लग्न, केंद्र, द्रेष्काण, त्रिकोण यांनी भरलेली ‘बृहज्जातका’ची चौकट यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर ओलांडताना दीक्षितांचा युक्तिवाद सैल पडतो. केंद्र, होरा, द्रेष्काण हे शब्दच ग्रीक आहेत. वराहमिहिराने स्वतः यवन हे म्लेच्छ असले तरी या शास्त्रात ऋषींप्रमाणे पूज्य आहेत, असा अभिप्राय दिला आहे. स्फुजिध्वजाचा ‘यवनजातक’ डेव्हिड पिंग्री यांनी १९७८ मध्ये संपादित केला, तेव्हा जातकाच्या ग्रीक वाटेचा सलग पुरावा प्रथमच समोर आला. पिंग्री यांनी त्या ग्रंथाला दिलेला इ. स. २६९-७० हा काळ २०१३ मध्ये बिल माक यांनी पोथीच्या फेरवाचनानंतर शंकास्पद ठरवला. ग्रंथातील ग्रीक द्रव्य मात्र त्यामुळे कमी होत नाही. आज ज्योतिषाच्या त्या पुनरुत्थानाचा विचार करताना आयात केलेली चौकट आणि इथली नक्षत्रे, मुहूर्त, शकुन यांचा जुना साठा असे दोन्ही हिशेबात घ्यावे लागतात. दीक्षितांनी दुसऱ्या बाजूचा साठा इतक्या काळजीने मांडून ठेवला आहे की त्यांचा निष्कर्ष न स्वीकारणाऱ्यालाही त्यांच्याकडेच जावे लागते.

गणितस्कंधाचा उत्तरार्ध हा दुसऱ्या अवनतीचा इतिहास आहे. भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० चा. तेराव्या शतकाच्या आरंभी त्यांचा नातू चांगदेव याने खानदेशात पाटण येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेल्या शिलालेखातून हे कळते. त्यानंतर टीका, करणग्रंथ आणि सारण्या यांची रीघ लागली. गणेश दैवज्ञाने १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला आणि ज्याचापांवाचून ग्रहगणित करण्याची सोय झाली. या सोयीने सिद्धान्त वाचण्याची गरज कमी केली, हे खरे. तथापि दीक्षितांच्या लेखनात गणेशाचे स्थान फार वरचे आहे, कारण तो आकाश पाहून जुन्या मानांत दुरुस्ती करणारा होता. दीक्षितांच्या दृष्टीने शास्त्राची पडती सुरू होते ती वेध घेणे थांबते तिथे. परकी सत्ता किंवा ग्रंथांचा नाश ही कारणे त्यांच्याकडे दुय्यम आहेत.

या ग्रंथाच्या भाषेविषयी वाङ्मयाच्या अभ्यासकाने दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. दीक्षितांचे गद्य चिपळूणकरी नाही. त्यात आवेश नाही, अलंकार नाहीत, वाचकाला उद्देशून केलेले उद्गारही फारसे नाहीत. विधान, आधार, उदाहरणाचे गणित, विरुद्ध मत आणि मग स्वतःचे मत असा त्याचा क्रम आहे. मध्यमगती, उपपत्ती, भगण, करण असे जुने संस्कृत पारिभाषिक शब्द ते शालेय मराठीत इतक्या सहजतेने बसवतात की नवे शब्द घडवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. उणीव सांगायची तर ती आटोपशीरपणाची. एखाद्या क्षुल्लक करणकाराला ते मोठ्या सिद्धान्तकाराइतकीच जागा देतात आणि वाचकाचा धागा तुटतो. याच लेखकाने ‘ज्योतिर्विलास’ या पुस्तकात रात्रीच्या आकाशाची ओळख घडीभराच्या करमणुकीप्रमाणे करून दिली आहे. ‘ज्योतिर्विलासा’तील मोकळेपणा आणि मोठ्या ग्रंथातील संयम ही एकाच शिक्षकाची दोन रूपे आहेत. पहिल्यात तो वर्गात उभा आहे, दुसऱ्यात पंडितांच्या सभेत.

ज्या वर्षी मराठी ग्रंथ निघाला त्याच वर्षी रॉबर्ट स्युएल यांच्यासह लिहिलेला ‘इंडियन कॅलेंडर’ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. इ. स. ३०० ते १९०० या सोळाशे वर्षांच्या तिथी आणि तारखांचे रूपांतर करण्याची ही साधने इतिहाससंशोधकांच्या टेबलावर कित्येक पिढ्या राहिली. युरोपीय विद्वानांना दीक्षित परिचित झाले ते या कोष्टकांमुळे आणि इंग्रजी लेखांमुळे. मोठा सिद्धान्त त्यांनी मराठीत ठेवला आणि त्याची किंमतही मोजली. व्हिटनी आणि थिबो यांच्या मतांना जे सविस्तर उत्तर होते, ते त्या मतांच्या वाचकांपर्यंत जाऊ शकले नाही. शिवनाथ झारखंडी यांचे हिंदी भाषांतर १९५७ मध्ये आणि प्रा. आर. व्ही. वैद्य यांच्या इंग्रजी भाषांतराचे दोन भाग १९६९ व १९८१ मध्ये निघाले, तोवर वादाची भूमीच बदललेली होती.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर दीक्षितांना दोन वर्षांचेही आयुष्य लाभले नाही. २० एप्रिल १८९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते पंचेचाळिशीतही पोहोचले नव्हते. व्यंकटेश बापूजी केतकरांचे ‘ज्योतिर्गणित’ त्याच वर्षी छापून आले आणि पंचांगशोधनाची पुढील चळवळ केतकर आणि टिळक यांच्या मतांभोवती फिरू लागली. ती चळवळ निरयन मानाची होती. आरंभबिंदू चित्रा तारेवरून धरावा की रेवतीवरून, एवढाच वाद उरला. सायनाचा प्रश्न मागे पडला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली गेली. नागपूरचे के. ल. दप्तरी आणि ‘केसरी’चे ज. स. करंदीकर हे तिचे सदस्य होते. तिच्या १९५५ च्या अहवालातील ऐतिहासिक भागावर दीक्षितांच्या ग्रंथाची छाया जागोजागी पडलेली आहे. २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून जो राष्ट्रीय सौर पंचांगाचा व्यवहार सुरू झाला, त्याचे वर्ष सायन आहे. दीक्षितांचा पक्ष सरकारी राजपत्रावर आला. घरोघरीच्या भिंतींवर टांगलेल्या पंचांगांतील मकरसंक्रांत मात्र जानेवारीच्या मध्यावरच राहिली.